सहा पायांची भावकी

मे महिन्याच्या अखेरीस सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात वळवाचा दमदार पाऊस झाला, की संध्याकाळी दोन गोष्टी हमखास घडतात. वीज जाते, आणि परत येते तेव्हा ती एकटी येत नाही. ट्यूबलाइटभोवती पंख फुटलेली उधई गरगरू लागते, आमटीच्या वाटीत काहीतरी तपकिरी पडून पाय झाडतं, सोप्यातून आजी ‘आधी लाइट मालव गं’ म्हणून ओरडते आणि अंगणातल्या कडुनिंबावर पानं कुरतडल्याची बारीक खसखस सुरू होते. कडुनिंबावरची ही मंडळी म्हणजे हुमणीचे भुंगेरे. वर्षातला बहुतेक काळ जमिनीत काढून ते याच पावसाची वाट बघत असतात. अंधार पडता पडता बाहेर यायचं, कडुनिंब, बाभूळ नाहीतर बोर गाठायची, पाला खायचा, जोडीदार शोधायचा आणि उजाडायच्या आत पुन्हा जमिनीत शिरायचं. इतका वक्तशीरपणा तालुक्यातल्या एकाही लग्नाच्या मुहूर्ताला दिसत नाही.

ताकारी आणि टेंभू उपसा योजनांचं पाणी आलं, आणि खानापूर तालुक्यातून वेगळ्या झालेल्या या तालुक्यात जिथे कुसळं उगवायची तिथे ऊस उभा राहिला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून हुमणी आली. भुंगेरा स्वतः उसाला तोंडही लावत नाही. उद्योग सगळा पोरांचा. मातीतली पांढरी, इंग्रजी ‘सी’सारखी वाकलेली अळी उसाची मुळं खाते आणि वर उभं असलेलं बेट पिवळं पडून हाताला अलगद उपटून येतं. या भागाला भूमिगतांची परंपरा मोठी आहे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार इथल्याच गावांतून चाललं. हुमणीही भूमिगतच राहते. तिच्यामागे तत्त्व म्हणून काही नाही, एवढाच फरक.

काही साखर कारखान्यांनी हे भुंगेरे किलोवर विकत घेतले. रात्री बॅटरी घेऊन झाडं हलवायची, खाली पडलेले भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचे आणि सकाळी वजन करायचं. पारावरच्या तात्यांनी त्यावर एकच विचारलं, “उसापेक्षा ह्याचा दर बरा हाय का ओ?”

आता हा भुंगेरा किडा, हे कुणीही सांगेल. कडेगावात किडा ठरायला फारसं काही लागत नाही. अंगठ्यापेक्षा लहान असावं, हलावं आणि न बोलावता यावं, एवढं पुरतं. प्राणिशास्त्राच्या अटी मात्र कडक आहेत. पाय सहाच हवेत. अंगाचे भाग तीन: डोकं, छाती आणि पोट. डोक्यावर मिशांची एक जोडी. सांगाडा आत नाही, बाहेर. म्हणून वाढायचं असेल तर जुना सांगाडा फोडून कात टाकायची. नाक नाही, फुप्फुस नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक भोकं असतात आणि तिथून निघालेल्या नळ्या हवा थेट आतपर्यंत पोहोचवतात. रक्त बहुतेकांचं लाल नसतं. डास चापटीत मारल्यावर तळहातावर जे लाल दिसतं ते आपलं असतं, किंवा शेजारच्या खाटेवर झोपलेल्या पाहुण्याचं.

श्वासाची ही नळ्यांची सोय आहे म्हणून माणूस बचावला असंही म्हणता येईल. हवा अशी नळ्यांतून पोहोचवायची तर अंग फार मोठं करून चालत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू आजच्यापेक्षा बराच जास्त होता, तेव्हा चतुराचे नातेवाईक पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन फुटांहून मोठे होते. पोरं चतुराच्या शेपटीला दोरा बांधतात. त्या काळी चतुरानं पोराला बांधला असता.

या अटी लावल्या तर निम्मा गोठा अपात्र ठरतो. विंचू आठ पायांचा, कोळी आठ पायांचा, दोघेही बाद. गोम बाद, आणि तिचे पाय मोजायला कुणी बसूही नये. वाणी बाद, त्याच्या बहुतेक वळ्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या असतात. गोचिडीनं तर कागदपत्रांतच घोळ घातलाय. अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिला सहा पाय असतात, पुढे कात टाकली की आठ होतात. लहानपणीचा दाखला दाखवून ती कीटकांत घुसू बघेल. शास्त्रज्ञ मात्र तलाठ्यापेक्षा चिवट निघाले.

सगळ्यात मोठी फसवणूक मृगाच्या किड्याची. मृग लागला, जमीन ओली झाली, की लालभडक मखमली ठिपके बांधावरून चालू लागतात. पोरं ते आगपेटीत भरून शाळेत नेतात. त्याचे पाय मोजले तर आठ भरतात. हा कोळ्या-गोचिडांच्या घरातला. लहान असताना तो नाकतोड्यासारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचाच रस पितो. किड्यांवर वाढला, किड्यांचं नाव लावून हिंडला, आणि किडा नाहीच!

मग कीटकांचे खरे नातेवाईक कोण? इथे भावकी काढावी लागते. या भागात कुणाचीही ओळख भावकीशिवाय पुरी होत नाही. मूळपुरुष एक, आडनाव एक, बांध एक आणि त्या बांधावरून चाललेलं भांडणही एकच. कीटकांची भावकी काढायला शास्त्रज्ञांना बरीच वर्षं लागली. पूर्वी समज होता की त्यांचे जवळचे भाऊबंद म्हणजे गोम आणि वाणी. जनुकं तपासायची सोय झाल्यावर वेगळंच निघालं. २०१० साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासानं पुन्हा पक्कं केलं, की कीटक ही खेकडा-कोळंबीच्या खानदानातलीच, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर स्थायिक झालेली एक शाखा आहे.

म्हणजे पावसाळ्यात येरळेच्या काठावर रात्री टेंभा घेऊन जाणारा, पोतंभर खेकडे आणून त्यांचा झणझणीत रस्सा ओरपणारा आणि त्याच जेवणात ताटाशेजारून झुरळ गेलं म्हणून उठून उभा राहणारा माणूस एकाच घरातल्या दोन भावांशी दोन तऱ्हांनी वागत असतो. एकाला वाटण लावतो, दुसऱ्याला चप्पल.

भावकी अशी एकदा काढायला घेतली की नको ती माणसंही निघतात. २००७ साली असंच उघड झालं, की वाळवीचं वेगळं घराणं वगैरे काही नाही. ती झुरळांच्याच खानदानातली, समाजात राहायला शिकलेली शाखा आहे. मुंगी ही गांधीलमाशांतून निघालेली. कामकरी मुंगीनं पंख टाकले आणि जमिनीवरचा संसार थाटला, पण डंख मारायची खोड पुष्कळ जातींत राहिली. मधमाशीही त्याच कुळातली. कुळातल्या एकीनं फुलांचा नाद धरला आणि तिचं भलं झालं. सातारा जिल्ह्यातल्या महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. ‘गांधीलमाशीचं गाव’ जाहीर करायला अजून कुणी पुढे आलेलं नाही.

आकड्यांतही भावकी दांडगी आहे. नाव देऊन नोंदवलेल्या कीटकांच्या जाती सुमारे १० लाख. त्यातल्या जवळपास ४ लाख नुसत्या भुंगेऱ्यांच्या, म्हणजे ज्यांच्या पुढच्या पंखांचं टणक झाकण झालंय त्यांच्या. ग्रामसभेत गणपूर्तीसाठी माणसं गोळा करताना सरपंचांना काय यातना होतात हे ज्यांनी पाहिलंय, त्यांनाच या संख्येचं मोल कळेल.

एवढ्या मोठ्या खानदानात सगळेच हुमणीसारखे कसे असतील? त्याच कुळात शेणकिडाही आहे. कडेगाव, पलूस आणि वाळवा या तालुक्यांच्या सीमेवर सागरेश्वरचं अभयारण्य आहे. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून, हरणं आणून सोडून उभं केलेलं. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहित्यांनी त्यासाठी आयुष्य वेचलं आणि १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. हरणं वाढली, तशा लेंड्याही वाढल्या. त्यांची विल्हेवाट लावायला वन खात्यानं माणूस नेमला नाही. ते काम जिथे शेण तिथे हजर असणारे शेणकिडे पाहतात. शेण फोडायचं, गोळे करायचे, जमिनीत पुरायचे, त्यात अंडी घालायची. खत जागेवर, नांगरट फुकट, माश्यांची पैदास कमी.

हे काम किती मोलाचं, ते ऑस्ट्रेलियाला विचारावं. इंग्रजांनी तिकडे गाईगुरं नेली, पण तिथल्या देशी शेणकिड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय. गाईचं ओलं शेण बघून त्यांनी हात वर केले. पो तसेच महिनोन्‌महिने पडून राहिले, गवत दबलं आणि माश्यांनी माणसांना तोंड उघडणं मुश्कील केलं. शेवटी जॉर्ज बोर्नेमिसा या शास्त्रज्ञाच्या पुढाकारानं १९६५ ते १९८५ अशी वीस वर्षं सरकारी संस्थेनं परदेशांतून शेणकिडे मागवले आणि चाळीसहून अधिक जाती रानात सोडल्या. आपल्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली, सोन्याचांदीची पारख करून मोठी झाली. शेणाच्या कसबावर समुद्र ओलांडून सरकारी पाहुणचार मिळवणं मात्र या मंडळींनाच जमलं.

त्यांच्या विद्वत्तेबद्दलही एक नोंद हवी. दक्षिण आफ्रिकेतला एक शेणकिडा रात्री गोळा सरळ रेषेत कसा ढकलत नेतो, याचा छडा लावायला शास्त्रज्ञांनी त्याला पुठ्ठ्याच्या इवल्या टोप्या घातल्या, कृत्रिम तारांगणात नेऊन सोडलं, आणि २०१३ साली जाहीर केलं की तो आकाशगंगेचा पट्टा पाहून दिशा धरतो. वर आकाशगंगा आणि खाली शेण, दोन्हींकडे सारखंच लक्ष! त्याच कुळातली हुमणी पोटापुरतं बघते. एकाच घरात एक पोरगा एमपीएस्सीला बसतो आणि दुसरा वाळूच्या ट्रॅक्टरवर, असं आपल्याकडेही असतंच.

नाती जुळवण्यात कीटकांचा हात कुणी धरणार नाही, आणि त्यातलं सगळ्यात गुंतागुंतीचं नातं या भागातल्या भाविकांच्या रोजच्या प्रदक्षिणेत आहे. पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या औदुंबरला दत्तगुरूंच्या दर्शनाला माणसं जातात, उंबराला फेऱ्या घालतात. उंबराचं फूल म्हणजे कधी न दिसणारी गोष्ट. वर्षावर्षात गावाकडे न फिरकणाऱ्या मुलाला पुण्याहून आल्यावर हेच ऐकवलं जातं. खरं तर फुलं शेकड्यांनी असतात, पण फळ म्हणून आपण जे ओळखतो त्याच्या आत, भिंतीला आतून लागलेली. वाऱ्याला वाट नाही, मधमाशीला वाट नाही. वाट एकीलाच आहे. जेमतेम दोन मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या कुळातली एक माशी कोवळ्या उंबराच्या तोंडाच्या चिमुकल्या भोकातून आत घुसते. भोक इतकं अरुंद की आत शिरताना तिचे पंख तुटतात. ती परतीच्या बोलीवर आलेलीच नसते. दुसऱ्या उंबरावरून आणलेले परागकण ती आतल्या फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते.

पुढची पिढी आतच वाढते. आधी नर बाहेर पडतात, म्हणजे फुलातून बाहेर, उंबरातून नव्हे. त्यांना पंख नसतात. माद्या अजून आपापल्या फुलांत बंद असताना त्यांचं लगीन लागतं, मग हे नर उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि मरतात. त्या बोगद्यातून माद्या पराग घेऊन उडून जातात. जन्मभर घरात राहून, घराला दार पाडून, त्या दारातून स्वतः कधी न जाणारा नवरा शोधायचा तर उंबरातच शोधावा लागेल. हा करार काही कोटी वर्षांचा आहे. माशी नसेल तर उंबराला बी नाही आणि उंबर नसेल तर माशीला घर नाही.

एवढं वाचून एखाद्या माळकरी घरात अंजिराकडेही संशयानं बघितलं जाईल, म्हणून सांगितलेलं बरं: आपल्याकडे मिळणाऱ्या पुरंदरच्या अंजिराला फळ धरायला माशी लागत नाही. उपवास सुरक्षित आहे.

सांगली जिल्ह्याची देशात ओळख म्हणजे बत्तीस शिराळ्याची नागपंचमी. नागपंचमीला घरोघरच्या बायका वारुळाला जातात, दूध-लाह्या वाहतात. या सगळ्या प्रकारात वाळवीवर ढळढळीत अन्याय झालेला आहे. वारूळ तिनं बांधायचं, कण कण माती लाळेत कालवून, हवा खेळती राहील अशा बेतानं. नाग त्यात आयता येऊन राहणार. पूजा कुणाची, तर पोटभाडेकरूची. घरमालकिणीला हळदीकुंकवाचं बोटही नाही.

बरं, ही घरमालकीण नुसती गवंडी नाही, शेतकरीही आहे. आपल्याकडची वारूळ बांधणारी वाळवी वाळलेला पाला आणि लाकूड घरात आणते, त्यावर एक विशिष्ट बुरशी वाढवते आणि त्या बुरशीवर जगते. तिची शेती सुमारे ३ कोटी वर्षांची जुनी. माणसाची जेमतेम १० हजार वर्षांची. भर पावसाळ्यात वारुळाच्या आसपास जी मोठी रानअळंबी उगवतात, ती याच शेतीतून वर आलेली असतात. ती काढून आणून चवीनं भाजी करायची आणि संध्याकाळी त्याच वाळवीनं दाराची चौकट खाल्ली म्हणून तिला शिव्या घालायच्या, असा दुहेरी हिशेब गावानं कधीचा मान्य केलाय.

परक्या मुलुखातून कामाला बोलावलेले कीटक आपल्याकडेही आहेत. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि बघता बघता प्रत्येक बांधावर, शाळेच्या मैदानावर, ग्रामपंचायतीच्या मागे माजलं. गावात त्याला काँग्रेस गवत म्हणतात. कुठल्याही पक्षानं मनाला लावून घेऊ नये. त्याला आवर घालायला १९८३ साली मेक्सिकोहून एक पिवळसर, तपकिरी रेघांचा भुंगेरा बंगळूरला आणला, तपासला आणि पुढच्या वर्षी मोकळा सोडला. मेक्सिकन भुंगेरा या नावानंच शेतकरी त्याला ओळखतात. पावसाळ्यात तो गाजर गवताची चाळण करतो. मध्यंतरी तो सूर्यफुलावरही दिसल्याच्या तक्रारी आल्या, चौकशी झाली, पण काम गेलं नाही. पाऊस संपला की तो जमिनीत शिरतो आणि पुढच्या पावसापर्यंत झोपतो. सरकारी कामावर नेमलेला असून वर्षातले चार महिने मन लावून काम करतो, याचंच गावाला अप्रूप.

तासगाव-पलूसकडच्या द्राक्षबागांत आणखी एक बेरकी जोडी असते: पिठ्या ढेकूण आणि मुंगळा. पिठ्या ढेकूण वेलीचा रस पितो आणि साखरेचा चिकटा बाहेर टाकतो. तो चिकटा मुंगळ्यांना प्यारा, म्हणून ते ढेकणाची राखण करतात. कुणी खायला आलं तर चावून पळवतात. या ढेकणावर इलाज म्हणून बागायतदार ऑस्ट्रेलियातून आलेला एक लाल-काळा ढालकिडा विकत आणून सोडतात. भारतात तो १८९८ पासून आहे. त्याची अळी पिठ्या ढेकणासारखीच पांढरी, झिपऱ्या-झिपऱ्यांची, त्यामुळे पहारेकरीही चकतात आणि ती ढेकणांच्या घोळक्यात बसून ढेकणंच खाते. सोंग इतकं बेमालूम, की कधी कधी बागायतदारही तिला ढेकूण समजून चिरडतो आणि मग फवारणीच्या औषधाची बाटली घ्यायला दुकानात जातो.

पण या जिल्ह्यानं भावकीचं खरं युद्ध पाहिलं ते २००२ साली. त्या वर्षी जुलै महिन्यात सांगली जिल्ह्यातल्या उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसू लागली. बोट लावलं तर पांढरं पीठ, आणि पिठाखाली हलणारे हिरवट जीव. हा लोकरी मावा. बंगाल आणि ईशान्य भारतात तो आधीपासून होता. पश्चिम भारतात त्याची पहिली नोंद याच जिल्ह्यातली. त्याचं गणित सोपं आणि भयंकर होतं. मादीला नराची गरज नाही, अंडी घालायचा सोपस्कार नाही. ती थेट जिवंत पिल्लं देते, सगळ्या पोरीच, आणि त्या थोड्याच दिवसांत स्वतः आया होतात. सोयरीक नाही, हुंडा नाही, मांडव नाही, आणि लोकसंख्या मात्र रोज दुप्पट भासावी अशी. वरच्या पानाखालचा मावा रस पिणार, त्याचा चिकटा खालच्या पानांवर गळणार, त्या चिकट्यावर काळी बुरशी चढणार, की वरून पांढरा आणि खालून काळा असा ऊस उभा.

काही महिन्यांत तो शेजारच्या जिल्ह्यांत आणि कर्नाटकात पोहोचला. गावोगाव फवारणीची घाई उडाली. आता दहा-बारा फुटांच्या, पानात पान अडकलेल्या फडात पाठीवर पंप घेऊन माणूस शिरणार कसा? शिरला तर औषध पानावर पडणार, आणि मावा पानाखाली, वर मेणाचं पांघरूण घेऊन. औषधानं मरायचे ते भलतेच मरत होते. तेव्हाच्या पारावरच्या गप्पांत तोडगे भरपूर निघाले असणार. पारावर त्यांचा तुटवडा कधीच नसतो.

ज्यांनी शेवटी काम केलं ते याच भावकीतले. पहिला आणि सगळ्यात मोठा मानकरी डिफा नावाचा एक करडा, सामान्य दिसणारा पतंग. खरं तर त्याची अळी. पतंग-फुलपाखरांचं खानदान म्हणजे पक्कं शाकाहारी. त्यांच्या अळ्या पानं खातात, बोंडं खातात, ढब्बू मिरची खातात, शेतकऱ्याचं डोकं खातात; मांसाला शिवणाऱ्या फारच थोड्या. डिफाची अळी त्या थोड्यांतली. सगळं घर माळकरी आणि धाकटा मटणाच्या पंगतीला पहिल्या रांगेत, अशी ही गत. ती माव्याच्या गर्दीतच रेशमी जाळ्याचं छप्पर घालून बसते आणि त्याखाली एकेक मावा संपवत पुढे सरकते. तिच्या जोडीला मायक्रोमस हा तपकिरी जाळीदार पंखांचा किडा, जिच्या अळ्या माव्यावर जगतात ती सिरफिड माशी, आणि ईशान्येकडून मुद्दाम आणलेली एन्कार्सिया ही धुळीएवढी परोपजीवी माशी, जी माव्याच्या अंगातच अंडं घालते.

मावाही अगदीच गरीब नव्हता. त्याच्या पिल्लांच्या कपाळावर बारीक शिंगं असतात आणि त्यांच्या बळावर ती अंगावर धावून जातात. डिफापुढे ते फारसं चाललं नाही.

पुण्याजवळच्या मांजरी इथल्या वसंतदादा साखर संस्थेसह कृषी संस्थांनी हे मित्रकीटक वाढवायला घेतले. शेडनेट उभारायचं, आत ऊस लावायचा, त्यावर मावा मुद्दाम सोडायचा आणि माव्यावर डिफा पोसायचा. ज्या माव्यापायी झोप उडाली त्यालाच खतपाणी घालताना बघून एखाद्या आजोबांनी कपाळावर हात मारला असेल तर नवल नाही. मग डिफाच्या अळ्या आणि कोष असलेली पानं कापून दुसऱ्या फडात नेऊन बांधायची. हे काम फुकटात होणारं, पंपाशिवायचं आणि शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर चालणारं. ज्यांनी घाईनं फवारलं नव्हतं त्यांच्या रानात डिफा आधी सापडला, आणि ज्यांचा पंप सगळ्यात नवा होता ते पानं मागायला त्यांच्या दारात उभे राहिले. पुढच्या काही वर्षांत माव्याचा जोर ओसरला.

ओसरला, म्हणजे गेला नाही. ढगाळ, दमट हवा पडली की लोकरी मावा अजूनही एखाद्या फडात डोकं वर काढतो, आणि त्याच्या मागोमाग डिफाही येतो, थोडा उशिरा. तेवढा उशीर त्याला द्यावा लागतो. म्हणून यंदा उसात पांढरं दिसलं तर पंप भरायच्या आधी दहा-वीस पानं उलटून बघा. लोकरीत जाळं करून बसलेली अळी दिसली तर पंप खांद्यावरून उतरवा आणि त्यातली चार पानं कापून शेजारच्या रानात नेऊन बांधा. त्या शेजाऱ्याशी बांधावरून भांडण चालू असलं तरी चालेल.